डावखुऱ्याकडे बघायचं नाही

१४ जुलै, मिलर्स बेंड

पोचलो एकदाचा. मोटेलची खोली तीच, खिडकीतला एसी तोच, त्याचं दात खाणंही तेच. बाईंनी काउंटरवरून चावी दिली आणि म्हणाल्या, "मे महिन्यात आला होतात ना? तेव्हाही एकटेच होतात." म्हटलं, हो, माझं कामच तसं आहे.

काम असं — बेसबॉलमधली, चेंडू टाकणारी दोन पोरं बघायची, एक निवडायचं. मुदत एकतीस तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत. त्यानंतर या मोसमातल्या खेळाडूंच्या अदलाबदली बंद.

निघताना मरीसाचा फोन आला होता. मरीसा कॉवेन म्हणजे माझी साहेबीण. वय तेहेतीस, माझ्या मुलीहून लहान. कुठला खेळाडू घ्यायचा आणि कुठला सोडायचा, यात आमच्या क्लबात तिचा शब्द शेवटचा. म्हणाली, "डेल्बर्ट, मिलर्स बेंडच्या मालक क्लबाला आपला अर्नी हवाय. यंदा जिंकायच्या मागे आहेत आणि धड कॅचर नाही त्यांच्याकडे. बदल्यात मिलर्स बेंडच्या त्यांच्या धाकट्या संघातल्या दोन पिचरांपैकी एक देतील. कोणता मागायचा, ते तू सांगायचंस."

पुढे म्हणाली, "खरं सांगते. वरच्या लोकांना वाटतं, हे काम आता कॅमेरे करतात. मी म्हटलं, कॅमेऱ्याला दिसत नाही ते आमच्या डेल्बर्टला दिसतं, एवढा उन्हाळा द्या त्याला. मला तोंडघशी पाडू नकोस."

म्हणजे सरळ भाषेत — डोळे अजून चालतात हे दाखव, नाहीतर घरी बस. एकतीस वर्षं स्काउटचं, गुणी पोरं हेरायचं काम केल्यावर! मग समोरच्या हॉटेलात पोर्कचं सँडविच खाल्लं. पावाबाहेर चारी बाजूंनी हातभर मांस. त्यापुढे काळजीला जागा उरली नाही.

१५ जुलै

आज सामना नाही. दोघांची कुंडली मांडून ठेवतो.

ब्रॉडी हॅस्केल. एकोणीस वर्षं, सहा फूट पाच, उजवा. अठ्ठ्याण्णव मैल वेग. चेंडू गेल्यावर बॅटरला कळतं की आला होता. वडील दंतवैद्य, आणि पोराचे दात बघून ते खरंही वाटतं. एकच अडचण — चेंडू कुठे जाणार हे बॅटरला ठाऊक नसतं, तसंच हॅस्केललाही नसतं. मे महिन्यात एक सुटला तो थेट पाणमांजराला लागला. म्हणजे पाणमांजराचा पोशाख घालून पोरांना हसवणाऱ्या माणसाला. बिचारा पाठमोरा उभा होता.

एफ्रेन ओचोआ. वीस वर्षं, ॲरिझोनातल्या युमाचा. आईबाप लेट्यूसच्या शेतात कामाला. डावखुरा. पाच फूट अकरा, बूट धरून. वेग नव्वद-एक्क्याण्णव. कॅमेरा म्हणेल, असे पैशाला पासरी. पण मे महिन्यात मी त्याला तीनदा बघितलंय, बाकीचे सगळे कॉलेजच्या पोरांमागे पळत होते तेव्हा. तीन तऱ्हेचे चेंडू, तीन वेगांचे, आणि हात मात्र तिन्ही वेळा एकाच चालीनं येतो. बॅटर कोणी खुर्ची काढून घेतल्यासारखा हवेत बसतो. आणि कोणी धुतलंच, तर पोरगा स्वतःशी हसतो आणि पुढचा चेंडू मागून घेतो. एवढ्या कोवळ्या वयात हे हसू मी दोनदाच बघितलंय. एकदा हे, आणि एकदा मिनेसोटात, सतरा वर्षांच्या अर्नीच्या चेहऱ्यावर.

तेव्हा माझं ठरलंय. ओचोआ.

पण हे फक्त या वहीला माहीत. त्यांच्या क्लबाला वास लागला तर म्हणतील, ओचोआ हवा? मग अर्नीबरोबर आणखी एक द्या. म्हणून मला हॅस्केलपायी वेडं व्हायचंय, सगळ्यांदेखत. आणि ओचोआ मैदानावर असेल तेव्हा त्याच्याकडे बघायचंच नाही. धंद्याची जुनी रीत आहे ही. आम्ही सगळेच करतो. सगळेच करतात हे सगळ्यांना माहीतही असतं. तरी करतो.

१६ जुलै

ओचोआचा पहिला सामना. बॅटरमागच्या जाळीशी आम्ही पाच स्काउट, स्थळ बघायला आल्यासारखे रांगेत. चौघांच्या हातात वेग मोजायच्या बंदुका. माझी गाडीत, मुद्दाम.

रूफस टॅल्बट शेजारी येऊन बसला. दुसऱ्या क्लबाचा स्काउट. तरुणपणीचा दोस्त, आता सव्वीस वर्षं वैरी, सव्वीस वर्षं एका टेबलावर नाश्ता.

"बंदूक कुठाय?"

"गाडीत. आज काय मोजायचंय?"

"हं," रूफस म्हणाला. याचं हं म्हणजे दोन पानी पत्र असतं.

मी कणीस आणायला गेलो. मग लोणी आणायला गेलो. मग मीठ. एकेका फेरीला एकेक डाव संपला. परत आलो तेव्हा ओचोआची पाळी आटोपली होती. छान झालं म्हणतात.

१७ जुलै

घरी फोन. व्हर्नाला, म्हणजे बायकोला, सगळा बेत सांगितला. हसत सुटली.

"साठी उलटली तरी खोड गेली नाही. दोन महिने माझ्या बहिणीकडे बघत बसायचास डोळे फाडून. मला कळू नये म्हणून."

"तुला कळलं नाही ना?"

"अजिबात नाही. म्हणून तर मी त्या विमावाल्याला हो म्हणणार होते."

हे मला पस्तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

१८ जुलै

हॅस्केल. माझा प्रयोग!

पहिल्या रांगेत, मधोमध. बंदूक, दुर्बीण, वही, दोन पेनं. पहिल्याच चेंडूला "आहा" केलं, जरा मोठ्यानंच. दुसऱ्या डावात उभा राहिलो. तिसऱ्यात वहीत खसाखसा लिहीत सुटलो. लिहिलं काय? दाढीची पाती, डासांचं मलम, व्हर्नाच्या बहिणीचा वाढदिवस. समोर हॅस्केलची आई बसली होती. तिनं मागे वळून मला घरच्या बिस्किटांचा डबाच दिला. दोन खाल्ली, एक खिशात टाकलं. अभिनयाचे फायदे.

पोरानं पाच डावांत नऊ जण बाद केले आणि भरकटलेल्या चेंडूंपायी सहा जणांना फुकट सोडलं. एक चेंडू आमच्या जाळीवर आला. पाचही स्काउट एकदम खाली वाकले.

रूफस निघताना म्हणाला, "डेल, एवढा आनंद तुला तुझ्या लग्नात नव्हता. मी होतो तिथे."

२० जुलै

उकाडा. डास. मलम विसरलो.

२२ जुलै

ओचोआ. आज नामी युक्ती सुचली — पहिल्या बेसच्या मागे पाय या गोड पदार्थाच्या दुकानासमोर टेबल आहे, तिथे मैदानाकडे पाठ करून बसलो. बघायची इच्छाच होऊ नये! पण कान तर उघडे होते. कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज येतो ना, त्यावरून पुष्कळ कळतं. आवाज ठीक वाटला. जरा मऊ, पण पायच्या दुकानातला मिक्सरही चालू होता.

पाचव्या डावाच्या मध्येच त्याला काढलं. का, ते बघितलं नाही. माझ्यापुढे पेकानच्या पायचा दुसरा तुकडा होता.

त्यांच्या क्लबाचा माणूस वरच्या रांगेतून माझ्याकडे बघत होता. मी काटा उचलून त्याला नमस्कार केला.

२३ जुलै

मरीसा. ओचोआच मागायचा, असं तिला सांगितलं. तिच्यापुढे आकड्यांची पानं असणार, चाळल्याचा आवाज येत होता.

"डेल्बर्ट, आकडे हॅस्केलच्या बाजूनं आहेत. ओचोआत मला काहीच दिसत नाही."

"म्हणून तर स्वस्तात मिळेल."

"काल बघितलंस ना त्याला?"

"तिथेच होतो."

खोटं नाही बोललो. तिथेच होतो. फोन ठेवल्यावर मात्र उगाच चार पेले पाणी प्यायलो.

२४ जुलै

हॅस्केलचा सामना आणि माझा प्रयोग क्रमांक दोन. आज शिट्टी वाजवली. शिवाय सामन्यानंतर त्याच्या वडिलांबरोबर जेवलो, खिडकीशेजारच्या टेबलावर, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावं म्हणून. दंतवैद्यांनी जेवताना माझी खालची दाढ तपासली. भरायला हवी म्हणाले.

पोरगा वाईट नाही हं. त्या पाणमांजरवाल्याला त्यानं स्वतःच्या सहीचा चेंडू नेऊन दिला होता म्हणे. पाणमांजरानं तो परत फेकला.

२५ जुलै

घोटाळा! लाँड्रीत ओचोआ भेटला. कपड्यांच्या ढिगासमोर उभा, उजव्या हातानं टॉवेलच्या घड्या घालत होता. मला बघून टोपी काढली.

"सर, तुम्ही मे महिन्यात तिन्ही सामन्यांना होतात. आणि आता सोळा आणि बावीस तारखेलाही."

"कणसासाठी येतो मी."

"कणीस चांगलंय इथलं," तो गंभीरपणे म्हणाला. मग तेच हसू. "आईला सांगितलं, एक म्हातारे गृहस्थ माझा एकही सामना चुकवत नाहीत. ती म्हणाली, त्यांना सांग, देव तुमचं भलं करो."

म्हातारे गृहस्थ! बाकी पोरगा डोळस आहे. कोणाजवळ बोलू नकोस म्हटलं. नाही बोलणार म्हणाला. माझे मोजे वाळवायच्या यंत्रात अडकले होते, तेही त्यानंच काढून दिले. अशा पोराला पाठ दाखवून बसायचं म्हणजे जिवावर येतं, पण त्याच्याच भल्यासाठी आहे ना. आमच्याकडे आला की पुढच्या वर्षी वरच्या पायरीवर खेळेल. युमाला घर बांधेल.

२६ जुलै

फत्ते!!

मरीसाचा फोन, हसू आवरत नव्हतं तिला. त्यांच्या क्लबातले लोक म्हणाले, "तुमचा म्हातारा हॅस्केलपायी खुळा झालाय, त्याच्या बापाबरोबर जेवतो काय, शिट्ट्या मारतो काय. पण हॅस्केल मिळणार नाही. ओचोआ घ्या, आणि तुमच्या म्हाताऱ्याचं मन राहावं म्हणून वर एक आउटफिल्डर घ्या."

फुकट एक आउटफिल्डर, लांबचे झेल घेणारा! चालत मोटेलवर आलो, वाटेत कोणी नव्हतं म्हणून दोन पावलं नाचलोसुद्धा. गुडघ्यानं लगेच आठवण करून दिली.

मरीसा म्हणाली, "अठ्ठावीसचा सामना नीट बघ आणि शेवटचं सांग. तू हो म्हटलंस की मी सही करते."

२८ जुलै

आता फक्त आजचा दिवस सांभाळायचा होता. त्यांचा माणूस माझ्याच मागे दोन रांगा वर, नजर माझ्या मानेवर. मी वर्तमानपत्र उघडून शब्दकोडं सोडवत बसलो. खेळ माझ्यापासून तीस पावलांवर. मान इतकी ताठ धरली की आता शेक द्यावा लागणार.

चौथ्या डावात रूफसनं कोपरानं ढोसलं. हळूच म्हणाला, "डेल, तुझा डावखुरा बरा दिसत नाही. चेंडू टाकून झाला की बोटं झटकतोय."

"माझा कोणी डावखुरा नाही."

"सोड ते. एकदा मान वर करून बघ."

अरे वा! म्हणजे यालाही ओचोआ हवाय. मला घाबरवायचं, मी मरीसाला नको म्हणायचं, आणि उद्या हा त्याला उचलून नेणार. सव्वीस वर्षांत रूफसनं मला फुकट काही दिलेलं नाही, साधी खबर नाही की कॉफी नाही. आणि वर बघितलं असतं, तर मागचा माणूस टिपायला बसलेलाच होता.

"सात अक्षरी शब्द सांग," मी म्हटलं. "लबाड माणूस."

"मी थट्टा करत नाहीये, डेल."

"दर वेळी असंच म्हणतोस."

तो उठून दुसरीकडे जाऊन बसला. रागाचा अभिनय मात्र त्याला माझ्याहून चांगला जमतो.

२९ जुलै

व्हर्नाला रूफसची लबाडी सांगितली. ती हसली नाही.

"मग एकदा बघायचंस ना वर."

"तसं नसतं ते, व्हर्ना. नजर गेली की सौदा गेला."

"पण रूफस खरं बोलत असेल तर?"

"रूफस? खरं?"

"आपल्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला होता, हा बावळट आहे पण मनाचा सरळ आहे. दोन्ही खरं निघालं."

फोन लवकर ठेवला.

३० जुलै

सकाळी दहा. मरीसा. आज एरवीपेक्षा सावकाश बोलत होती.

"त्यांच्या डॉक्टरांचे कागद आलेत. स्वच्छ आहेत. पण कागद एप्रिलचे आहेत, म्हणून तुला विचारते. पोराचा हात कसा आहे?"

डोळ्यांपुढे ओचोआ होता, मे महिन्यातला. हात एका चालीनं येत होता, बॅटर हवेत बसत होता. आणि कानात रूफस होता. मग वाटलं, रूफसचं ऐकून कच खाल्ली, तर एकतीस वर्षं काय शिकलो? आणि बघितलं नाही हे आता मरीसाला सांगायचं तरी कसं? कॅमेऱ्याला दिसत नाही ते ज्याला दिसतं, तो शब्दकोडं सोडवत होता म्हणून?

"झकास आहे," म्हटलं.

"डोळ्यांनी बघितलंस?"

"मी काय कणसं खायला येतो इथे?"

ती हसली. मीही हसलो. हातात पेन होतं, त्याचं टोपण चावून चपटं झालंय.

संध्याकाळी हॅस्केलचा सामना. शिट्टी मारायला विसरलो. त्याच्या आईनं विचारलं, तब्येत बरी आहे ना?

३१ जुलै

चार वाजून बावन्न मिनिटांनी झालं. अर्नी तिकडे. ओचोआ आणि फुकटचा आउटफिल्डर आमच्याकडे. रेडिओवर सांगितलं तेव्हा हॉटेलातल्या कोणीही मान वर केली नाही. मी एकट्यानं चेरी पायवर आइस्क्रीम घेतलं.

मरीसा म्हणाली, "वरच्यांना सांगितलं, हे डेल्बर्टनं केलंय. पुढच्या उन्हाळ्याची बॅग भरून ठेव."

सहाला अर्नीचा फोन. चौदा वर्षांपूर्वी धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर चेंडू आपटत होता, तेव्हा सापडलेलं पोरगं. आता दाढीत पांढरं.

"म्हातारबुवा, तुम्हीच विकलंत म्हणे मला."

"मीच."

"चिडलो नाहीये. ऑक्टोबरातल्या बाद फेरीत खेळायला मिळेल आयुष्यात एकदा. फक्त एवढं सांगा, माझ्या बदल्यात घेतलेलं पोरगं चांगलं आहे ना?"

"तुझ्याइतकंच," मी म्हटलं. रडू आलं. चक्क आलं, दोन पेपर नॅपकिन ओले झाले.

१ ऑगस्ट

नाश्त्याला रूफस. अभिनंदन म्हणाला, हात मिळवला. टोमणा मारला नाही. माझ्या कॉफीचे पैसेही देऊन गेला. लक्षण काही बरं नाही.

४ ऑगस्ट

ओचोआ आज आमच्याकडे पहिल्यांदा सरावाला उतरला. जाळीला नाक लावून बसलो. कोणापासून काही लपवायचं नव्हतं. मे महिन्यानंतर आज बघितलं त्याला चेंडू टाकताना.

तिसऱ्या चेंडूला दिसलं. कोपर दोन बोटं खाली येतंय. सातव्याला बोटं झटकली. कॅमेऱ्यावर एक्क्याण्णव, सगळे खूश. माझ्याखेरीज कोणाला कळलं नाही.

मीच थांबवलं. बाजूला नेऊन विचारलं, कधीपासून दुखतंय?

"जूनपासून." चेंडू हातात फिरवत राहिला. "पण सर, तुम्ही तर प्रत्येक सामन्याला होतात. मी आईला म्हटलं, त्यांना सगळं दिसलंय, आणि तरी त्यांनी मला घेतलं."

मरीसाला फोन लावतोय.